ज्या उपासाला टाळ्या पडल्या

मॅडमनी माझ्या कपाळावरची टिकली नखानं खरवडून काढली.

कम्युनिटी हॉलच्या स्टेजमागची खोली. बाहेर शाळेचा बँड वाजत होता. सव्वीस जानेवारी. मी घरून निळी साडी नेसून आले होते, स्वतः इस्त्री केलेली. मॅडम म्हणजे आमच्या कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांची बायको, टाउनशिपच्या लेडीज क्लबची अध्यक्ष. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि सोबतच्या बायकांना म्हणाल्या, "ये नीली क्यों पहन ली इन्होंने? सफ़ेद वाली रखवाई थी ना मैंने?"

पिशवीतून पांढरी साडी निघाली. क्लबच्या सामानातली. शाळेच्या नाटकात भारतमातेला नेसवायचे ती. खांद्यापाशी पिनांची भोकं पडली होती.

मी म्हटलं, "मॅडम, मेरे मिस्टर हैं अभी. बाहर ही बैठे हैं."

"अरे, तो मैंने कब कहा नहीं हैं? फ़ोटो में अच्छा नहीं लगता. वीरमाता हो तुम. बिंदी-विंदी चमकाओगी तो लोग क्या सोचेंगे?"

आणि नख. टिकली आरशावर चिकटवून टाकली. दोघीजणींनी मला साडी नेसवली. एकीनं माझा हात वर केला, दुसरीनं खाली सोडला. मी लहान नव्हते. चाळिशी उलटलेली, नोकरी करणारी बाई. मी हात वर ठेवला, खाली ठेवला.

मग स्टेजवर गेले. पाठ करून घेतलेलं वाक्य माइकवर बोलले. "मेरा एक और बेटा होता तो उसे भी देश को दे देती."

टाळ्या. खूप वेळ टाळ्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "टिकली कुठे गेली?"

"पडली," मी म्हटलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते वाक्य बोलत राहिले. घरात नाही, शेजारी नाही, कुठंच तोंड उघडत नव्हते. वर्षातून दोनदा, माइकवर, तेवढंच. बाकीचं बोलायची हिंमत आत्ता आली आहे. उशिरा आली. तिचा कोणाला काय उपयोग, ते मला माहीत नाही.

राजधानी हलली तेव्हा माझे वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले. शिपाई होते. नागपुरात आमच्या वस्तीतल्या माणसाला हॉटेलात कप वेगळा असायचा, फुटका, बाहेर खिळ्याला टांगलेला. भोपाळला सरकारी क्वार्टर मिळालं. नळ दारात. शेजारच्या घरात कोणीही असो, भिंत एकच. बाबा म्हणायचे, "सरकार नसतं तर आपण कुठं असतो, पोरी?" ते खोटं नव्हतं. आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

पण त्यांची ड्युटी चार इमलीच्या, म्हणजे मोठ्या साहेबलोकांच्या वस्तीतल्या, एका बंगल्यावर होती. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले. साहेबांच्या मुलाचा चेंडू नालीत गेला होता. तो मुलगा माझ्याच वयाचा. बाबांना म्हणाला, "ए, निकाल." बाबा नालीत उतरले. गुडघ्यापर्यंत. चेंडू काढला, स्वतःच्या शर्टाला पुसला आणि दिला. मग माझ्याकडे बघून हसले. परत येताना त्यांनीच विषय काढला. "सरकारी नोकरी आहे, बाई."

तेवढ्या दोन-तीन शब्दांत मी वाढले. सरकारी नोकरी आहे. जे सांगतील ते. मलाही पुढं सरकारी कारखान्याच्या टाउनशिप ऑफिसात नोकरी लागली, पाणी-विजेच्या तक्रारींच्या खिडकीवर. नवरा कारखान्यात फिटर. मुलगा एकच, सुमेध.

सुमेध बारावी झाला तेव्हा कारखान्यानं कामगारांच्या मुलांना घेणं बंद केलं होतं. तो फौजेच्या भरतीला गेला आणि निवडला गेला. देशासाठी वगैरे कोणी बोललं नाही आमच्या घरात. नोकरी लागली, पेढे वाटले.

लढाई सुरू झाली तेव्हा तो सुट्टीवर आला होता. सुट्टी रद्द झाल्याची तार आली. त्यानं ती वाचली, घडी घातली, उशीखाली ठेवली आणि खाटेवर पडून राहिला.

"कधीची गाडी?" मी विचारलं.

"आई, मी नाही चाललो वापस."

मला वाटलं मस्करी करतो. तो मस्करी करणाराच होता. मी म्हटलं, "ऊठ, कपडे काढ धुवायला."

"खरं सांगतो. नाही जात." तो छताकडे बघत बोलत होता. "तिकडं समोर जो बसलाय ना, त्याला मी ओळखत नाही. त्यानं माझं काही बिघडवलं नाही. मी त्याला कशापायी मारू? आणि त्यानं मला कशापायी मारायचं? ज्यांचं भांडण आहे, ते दोघं कुठे आहेत? बंगल्यात आहेत."

"असं बोलू नये," मी म्हटलं. दार लावून घेतलं. शेजारी ऐकतील म्हणून.

"नोकरी केली आई, विकलो नाही मी. कारखान्यातून माणूस नोकरी सोडून जाऊ शकते. मी का नाही?"

उत्तर नसलं की आपल्याकडे दुसरी हत्यारं असतात. मी म्हटलं, तुला पकडायला येतील. म्हटलं, तुझ्या बाबांची नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. म्हटलं, आमच्यासारख्यांनी असं केलं की लोक अख्ख्या समाजाला नावं ठेवतात. तो ऐकत होता आणि मान हलवत नव्हता.

मग मी जेवण सोडलं.

भांडले नाही, ओरडले नाही. ताट वाढलं, त्याच्यापुढं ठेवलं, आणि माझं ताट झाकून ठेवलं. "तू जाशील तेव्हा जेवीन." पाणीसुद्धा त्याच्यासमोर प्यायचं नाही. माझी आई असंच करायची, तिची आईही. रुसून जेवण सोडायचं आणि घर वाकवायचं. मला ठाऊक होतं, हा पोरगा गोळीला भिणार नाही, पण उपाशी आईला भिईल.

त्यानं खूप सहन केलं. मला भोवळ आली, मी मोरीत बसले, तेव्हा तो उठला. ट्रंक भरली. मग वरण-भात कालवून माझ्याजवळ आला. आपल्या हातानं घास भरवला. माझ्या तोंडात घास होता आणि त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. राग नाही, प्रेम नाही. म्हणाला, "जेव आता. चाललो मी."

मी स्टेशनवर गेले नाही. अशक्तपणा होता.

त्याला न्यायला पोलीस आले नाहीत, फौज आली नाही. सरकारला आमच्या घरात पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही. त्यांचं काम मी घरच्या घरी करून दिलं.

पेटी आली, झेंड्यात गुंडाळलेली. नवरा म्हणाला, एकदा तोंड दाखवा. सोबतचा अधिकारी म्हणाला, "खोलने का आदेश नहीं है."

"किसका आदेश?" नवऱ्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोणाला असा प्रश्न विचारला असेल.

"ऊपर से."

मी नवऱ्याचा हात धरून त्याला मागं ओढलं. तेव्हाही मीच. पेटीत कोण होतं, किती होतं, मी पाहिलं नाही. आपल्या पोराचं तोंड बघायला परवानगी लागते, आणि ती नाही मिळाली तर बाई मागं सरकते. मी सरकले.

सुतकात रडताना मी शेजारणीला उपासाचं सांगितलं. गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. तिनं क्लबात सांगितलं. आणि पुढच्या कार्यक्रमात मॅडम माइकवर म्हणाल्या, "इस माँ ने अन्न-जल त्याग दिया, लेकिन बेटे को घर नहीं बैठने दिया!" लोक उभे राहिले टाळ्या वाजवत. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. जमीन फाटावी असं वाटलं. पण खोटं सांगत नाही, त्यात एक कोपरा सुखावलाही होता. ज्या बायका माझ्या घरी पाणी पीत नव्हत्या त्या उठून उभ्या होत्या. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. मग दर वर्षी ती गोष्ट सांगितली गेली आणि मी दर वर्षी मान खाली घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

साहेब बदलले, मॅडम बदलल्या. नव्या मॅडमना जुन्यांनी माझ्यासकट सगळं सामान सोपवलं.

या वर्षी सीमेवर पुन्हा गडबड सुरू झाली. मॅडमनी मला बंगल्यावर बोलावलं. आमच्या कारखान्यातले एक फोरमन रिटायर होऊन भोपाळच्या कडेला, मिसरोदला घर बांधून राहिले आहेत. त्यांचा मुलगा विपिन फौजेत. सुट्टीवर आला तो परत जायला तयार नाही.

"तुम समझाओ," मॅडम म्हणाल्या. "तुम्हारी बात का वज़न है. उसकी माँ ने ख़ुद तुम्हारा नाम लिया."

मिनीबसमध्ये बसले आणि मिसरोदला गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.

दार विपिननंच उघडलं. उंच, दाढी वाढलेली. मला ओळखलं त्यानं. टाउनशिपच्या शाळेतला, माझी भाषणं ऐकून मोठा झालेला.

"आइए आंटी," तो म्हणाला. "माइक लाऊँ, कि ऐसे ही बोलेंगी?"

त्याचे वडील खुर्चीत बसले होते. "तमीज़ से बात कर," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"तमीज़ से ही तो पूछ रहा हूँ, पापा. आंटी का डायलॉग है, पूरा भोपाल जानता है."

आतल्या खोलीत त्याची आई खाटेवर आडवी होती. ओठ सुकलेले. मला बघून उठायला गेली, उठता येईना. तिनं माझे पाय धरायला हात पुढं केला.

"क्या हुआ, बहनजी? बीमार हो?"

"नहीं," ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर एक चमक आली, ती मी विसरणार नाही. "मैंने भी खाना छोड़ दिया है. आपकी तरह. आप ही ने तो रास्ता दिखाया."

मी दाराची चौकट धरली.

मी सुमेधला मारलं, एवढंच मला वाटत होतं इतकी वर्षं. ते ओझं माझं, मी माझ्यापुरतं वाहत होते. पण त्या टाळ्यांनी माझ्या पापाची रीत करून टाकली होती. अजून किती घरांत, किती आया, किती झाकलेली ताटं, मला काय माहीत? मी खाली मान घालून बसले होते आणि ही बाई घरी बसून शिकत होती.

मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेले. डाळ होती, भात होता. गरम केला. ताट घेऊन आले.

"खाओ."

"पहले इसको बोलो, जाए."

"पहले खाओ."

"आप क्लब की तरफ़ से आई हैं," ती ओरडली, "कि दुश्मन की तरफ़ से?"

"मेरा बेटा देश के लिए नहीं गया था," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. माइकशिवाय मी कधी एवढं मोठ्यानं बोलले नव्हते. "मेरे मुँह में कौर डालने के लिए गया था. उसने कहा था नहीं जाऊँगा. साफ़ कहा था. मैंने भूखी रहकर उसको भेजा. वो मुझे खिलाकर गया और मर गया. उस दिन का खाना मेरे गले से आज तक नीचे नहीं उतरा. समझीं? ये रास्ता नहीं है. फाँसी है ये, और रस्सी मैं बनी थी. अब तुम बन रही हो."

मग तिचे यजमान खुर्चीतून म्हणाले, "खा ले, शांति."

ती जेवली. रडत, मला शिव्या देत. मी समोर बसून राहिले. ताट संपेपर्यंत उठले नाही.

विपिन दारात उभा होता. आता मस्करी संपली होती. "तो आप बोल रही हैं मैं न जाऊँ?"

"नहीं."

"फिर जाऊँ?"

"नहीं. मैं कुछ नहीं बोल रही. तेरी माँ ने खा लिया. अब तुझ पर किसी की भूख नहीं है. जाना हो तो सोच के जा. नहीं जाना हो तो सोच के मत जा. जेल होगी. नौकरी जाएगी. लोग थूकेंगे, मोहल्ले में पहले. मैं बचा नहीं सकूँगी."

"आप चाहती क्या हैं, आंटी?"

"मैं कुछ नहीं चाहती, बेटा. उस बार चाहा था, वही ग़लत किया था मैंने."

परतीच्या बसमध्ये मला कळलं की ते माइकवरचं वाक्य मुळातच चोरीचं होतं. देऊन टाकते म्हणे. सुमेध माझा नव्हता देऊन टाकायला. मी त्याला जन्म दिला, म्हणून त्याचा जीव माझ्या मालकीचा झाला नव्हता. तो सुमेधचा होता. सरकारनं माझ्याकडे मागितला, मी सरकारला दिला, दोघांनी मिळून तिसऱ्याच्याच वस्तूचा सौदा केला आणि त्यावर हार-शाली घातल्या. नळ दिला, क्वार्टर दिलं, पगार दिला, मान्य. त्याबद्दल मी नोकरी केली. पण नळाच्या बदल्यात माणूस हा करार कोणी कधी केला? बाबांनी केला नव्हता. त्यांना तर कोणी विचारलंही नव्हतं.

विपिननं विचार केला. काही दिवसांनी तो आपल्या पायांनी युनिटवर गेला आणि म्हणाला, मी पळालो नाही, आलोय, पण बंदूक हातात घेणार नाही. आता तो अटकेत आहे. पुढं काय होईल, कोणी सांगत नाही. मी परत मिसरोदला गेले तेव्हा त्याच्या आईनं जाळीच्या दाराआडून सांगितलं, "तेरा तो मर गया, अब मेरे को भी खा गई." दार उघडलं नाही. तिला मी काय सांगणार? माझ्याकडे सांत्वन नाही. माझ्यासाठीही नाही.

मला सिक्युरिटी ऑफिसात बोलावलं. टाउनशिपचे सुरक्षा अधिकारी रिटायर्ड मेजर आहेत. मॅडमही होत्या.

"तुमने लड़के को भड़काया?" मेजर साहेबांनी विचारलं.

"नहीं साहब. मैंने उसकी माँ को खाना खिलाया."

"होशियारी मत करो. देश किसी एक आदमी की मर्ज़ी से नहीं चलता."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं. "तो फिर लेने के वक़्त एक-एक के घर क्यों आता है, साहब?"

मॅडम म्हणाल्या, "पागल हो गई है." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "देखो, पंद्रह अगस्त को स्टेज पर इतना बोल दो कि ऐसे लड़के कायर होते हैं, बाकी हम संभाल लेंगे."

"नहीं."

"क्या नहीं?"

"मैं नहीं बोलूँगी. ये नहीं, और पहले वाला भी नहीं. कभी नहीं."

एवढंच. टेबल उलटलं नाही, घोषणा दिल्या नाहीत.

आता माझी चौकशी बसली आहे. युनियनचे लोक घरी येऊन गेले. "बहनजी, ये मुद्दा यूनियन का नहीं है." आमच्या समाजाचे एक वडीलधारे येऊन गेले. ते प्रेमानं बोलले. "बाई, सरकारच्या विरोधात जाणं आपल्याला परवडत नाही. जे आहे ते सरकारमुळे आहे." मी त्यांना चहा दिला. त्यांचं म्हणणं मला कळतं. आमच्या माणसांना गावानं जगू दिलं नाही म्हणून आम्ही सरकारच्या आसऱ्याला आलो. पण आसरा देणाऱ्यानं गळ्यात हात घालून तो आवळला, तर तो हातही काढायला लागतो. मग तो कोणाचाही असो.

नवरा एवढंच म्हणाला, "क्वार्टर जाईल गं."

"जाऊ द्या."

"कुठं जायचं?"

"माहीत नाही."

मग तो म्हणाला, "त्या दिवशी पेटी उघडू द्यायला हवी होती तू." इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "हो."

काल मेजर साहेबांचा माणूस आला होता. विपिनच्या प्रकरणात मला साक्षीला बोलावणार आहेत. मी म्हणायचं, मुलाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणजे त्याची शिक्षा कमी होईल, माझी चौकशी मिटेल, सगळ्यांचं भलं. माणूस समजुतीनं बोलत होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं.

विपिनला मी निरोप पाठवला आहे. त्याला वेडा म्हणवून सुटायचं असेल तर ते त्यानं ठरवावं, मला कळवावं, मी तसं बोलेन. तो जीव त्याचा आहे. पण त्यानं नाही म्हटलं, तर मी तिथं जाणार आणि सांगणार की हा मुलगा पूर्ण शुद्धीवर होता, त्या घरात सगळ्यांत जास्त शुद्धीवर तोच होता. त्यासाठी जी शिक्षा त्याला आहे, तिचा माझा वाटा मला द्या. आणि यापुढं कुठल्याही घरात, कुठल्याही मुलाला न्यायला कोणी आलं आणि तो नाही म्हणाला, तर मी दारात आडवी उभी राहणार. आत जायचं असेल तर आधी मला ओढून बाजूला करावं लागेल. मी आपणहून सरकणार नाही.